दोन कड्या काढ की!

कोल्हापुरात माउंटन बाईकची चेन पडली की माणूस एकटा राहत नाही. वाघबीळचा चढ असो, कात्यायनीचा डोंगर असो, नाहीतर मसाई पठारावरची अशी जागा असो जिथं मघापर्यंत चिटपाखरू नव्हतं. पाच मिनिटांत तीन जाणकार उगवतात. पहिला सायकलची किंमत विचारतो. दुसरा तेवढ्या पैशात कुठली सेकंडहँड मोटरसायकल आली असती ते सांगतो. तिसरा उकिडवा बसतो, चेनला बोटानं झोका देतो आणि निकाल लावतो, "मर्दा, चेन ढिली हाय. दोन कड्या काढ की!"

सल्ला बरोबर आहे, फक्त दुसऱ्या सायकलचा. दूधवाल्याच्या बिनगिअरच्या सायकलला चाक मागं सरकवायची सोय असते. ती संपली की कड्या काढायच्या, यात वाद नाही. गिअरच्या सायकलीत मात्र ढील ओढून घ्यायचं काम मागच्या डीरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा, पिंजरा करतो. चेनची लांबी ठरते ती मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीवर. डीरेलरमधून न ओवता चेन पुढच्या आणि त्या मोठ्या चकतीवरून फिरवायची, टोकं भेटतात तिथून किमान एक इंच वाढवायची आणि तोडायची. एक कडी अर्ध्या इंचाची. म्हणजे जाणकार काढायला सांगतोय त्या नेमक्या याच दोन कड्या! त्या काढून जोतिबाच्या चढाला ५१ दातांचा गिअर टाकला की डीरेलर ताणला जातो आणि हँगरसकट, म्हणजे त्याला फ्रेमशी धरून ठेवणाऱ्या तुकड्यासकट, उखडतो. मागेही सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा सोडून, मागचं चाक जिथं क्रँकपासून, म्हणजे पायडलच्या दांड्यापासून, सगळ्यांत लांब जातं तिथं हे माप घ्यायचं. असं केलं नाही तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तीच गत.

मग चेन पडते कशानं? आपल्याकडे बऱ्याच तक्रारी मूळच्या पुढं तीन चकत्या असलेल्या सायकलींच्या असतात. मालक पुढचा डीरेलर आणि दोन चकत्या काढून टाकतो, मधली ठेवतो आणि 'वन-बाय केली', म्हणजे पुढं एकच चकती केली, म्हणून मिरवतो. त्या मधल्या चकतीचे दाते चेन सहज सोडावी म्हणूनच मुद्दाम आखूड आणि तिरके केलेले असतात. त्यावर पुढच्या डीरेलरचा पिंजरा चेनला दोन्ही बाजूंनी धरून होता, तोही गेला. आता ती पडणार नाही तर काय करणार?

तिथं नॅरो-वाइड चकती लागते. स्रॅम कंपनीनं २०१२ साली एक्सएक्स-वन या गिअर संचाबरोबर ही आणली. यात एक दाता जाड, पुढचा बारीक. चेनमध्येही बाहेरच्या पट्ट्यांची रुंद फट आणि आतल्या पट्ट्यांची अरुंद फट आलटून पालटून येते, म्हणून दात्यांची संख्या नेहमी सम असते : ३०, ३२, ३४. जाड दाता रुंद फटीतच बसला पाहिजे. गंमत अशी की पडलेली चेन घाईत बसवताना बरोबर एका दात्यानं चुकते. मग ती दात्यांच्या डोक्यावर चढून बसते, चार पायडल मारले की पुन्हा खाली, आणि आपण शिव्या देतो कंपनीला. चेन घातल्यावर वरून एकदा बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

दुसरा संशयित क्लच. बऱ्याच मागच्या डीरेलरमध्ये घर्षणाचा एक क्लच असतो, तो पिंजऱ्याला उड्या मारू देत नाही. शिमानो कंपनीच्या क्लचला चालू-बंद करायची छोटी कळ असते. पंक्चर काढताना ती बंद होते आणि पन्हाळ्याचा उतार लागेपर्यंत कुणालाच आठवत नाही. तपासायला पिंजरा हातानं पुढं ढकलावा : कळ चालू असताना जड जायला हवा, बंद केल्यावर हलका. दोन्हीकडे सारखाच हलका लागला तर क्लच सैल झालाय. शिमानोत तो आवळता येतो, कोरडा पडला असेल तर झाकण काढून त्यासाठीचं ग्रीस लावता येतं. उतारावर बारक्या चकतीत चेन सगळ्यांत सैल असते, म्हणून खडबडीत उताराआधी दोन-तीन गिअर मोठ्या चकतीकडे घ्यावेत. फुकटातला एवढा गुणकारी उपाय दुसरा नाही, पण फुकटचं म्हणून कोणी करत नाही.

झीज मोजायला कंपासपेटीतली पट्टी पुरते. २४ कड्या नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात. दीड मिलिमीटर वाढ म्हणजे अर्धा टक्का, म्हणजे अकरा-बारा गिअरवाल्यांनी नवी चेन घ्यावी. तरीही तीच रेटली तर ती चकतीलाही बरोबर घेऊन जाते, दाते आकड्यासारखे वाकतात. पावसाळ्यात रानातल्या काळ्या मातीचा निराळाच कारभार. ती दात्यांच्या मधे घट्ट बसते, चेनला वर उचलते, आणि सायकल निष्पाप असूनही चेन पडते. बाटलीतलं घोटभर पाणी चकतीवर ओता, मग काय प्यायचं ते प्या. उजव्या अंगावर आपटली असेल तर हँगर वाकलाय का तेही बघा. तो डोळ्यांना सरळ दिसतो, मोजायच्या गेजला दिसत नाही.

एवढं करून पडलीच, तर चेनला चकतीवर धरून ठेवणारा चेन गाईड. क्रँकच्या भोवती फ्रेमला तीन कान असतील तर तिथं, नाहीतर सीट ट्यूबला, म्हणजे सीटखालच्या नळीला, पट्ट्यानं. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत बारक्या गिअरमध्ये दोन्ही बाजूंना एक-दोन मिलिमीटर फट राहिली पाहिजे, नाहीतर पन्हाळा येईपर्यंत कुरकुर ऐकत बसा.

राहता राहिली चेनलाइन, म्हणजे चेन पुढून मागं किती सरळ धावते ते. चार बोल्टांच्या जुन्या क्रँकवर चकती कानांच्या आतल्या बाजूला, मधल्या चकतीच्या जागी बसवायची. बाहेरच्या बाजूला बसवली तर दिसायला छान दिसते, पण मागच्या मोठ्या चकतीवर चेन इतकी तिरकी धावते की उलटं पायडल मारताच खाली येते. बोल्टही एका चकतीसाठीचे आखूड घ्या. जुने लांब बोल्ट तळाला टेकतात, आवळल्यासारखे वाटतात आणि चकती लुडबुडत राहते.

इथं चौथा जाणकार येतो. तो उद्यमनगरातला, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातला असतो आणि म्हणतो, "चकती कशाला इकत घेतोस भावा? लेथवर काढून देतो." दात्याची जाडी आलटून पालटून बदलायची तर मिलिंग लागतं, लेथचं ते काम नव्हे, ते त्यालाही माहीत असतं, पण नाही म्हणणं कोल्हापूरकराच्या रक्तात नाही. त्याच्याकडून वॉशर मात्र बिनधास्त करून घ्या. चकती एखादा मिलिमीटर आत घ्यायला चार, सगळे एकाच जाडीचे. एक जरी कमी-जास्त झाला तर चकती डुलते. बसवल्यावर क्रँक फिरवून चकती फ्रेमला घासत नाही ना ते बघा, आणि त्याचे पैसे द्या. तो घेणार नाही, चहा मागवेल.