भोकरीची वाइन का नाही?

आज पाहुण्यांना घेऊन नाशिकजवळच्या एका वायनरीत गेलो होतो. टेस्टिंगवाला पोरगा बोलायला गोड. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों, शिराझ, वाइनच्या द्राक्षांची सगळी नावं तोंडपाठ. मी सहज विचारलं, इथल्या एखाद्या जुन्या द्राक्षाची नाही का काही करत? तर हसला. "सर, भोकरी-बिकरीची कुठे वाइन होते?" पाहुणेही हसले. तिथे गप्प बसलो, पण घरी आल्यापासून डोकं भणभणतंय.

भोकरी-बिकरी! अरे, भोकरी म्हणजे आपल्याकडचं जुनं खायचं द्राक्ष, आमच्या आप्पांचा तिचा अख्खा मांडव होता. जाड साल, आत बिया, पण घड असे लगडायचे की खालून वाकून जावं लागे. मग बिनबियांची थॉमसन द्राक्षं आली. व्यापारी म्हणाला, बी चालणार नाही. आप्पांनी मांडव तोडला. विहिरीकडेचा एक वेल तेवढा ठेवला, पोरांना खायला म्हणून.

आता इटलीतलं ऐका. पिएमाँतमध्ये तोर्तोनाच्या टेकड्यांवर तिमोरास्सो नावाचं पांढरं द्राक्ष होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा किडीने मुळ्या खाल्ल्या, बागा बसल्या. नव्याने लावताना लोकांनी कोर्तेसे हे दुसरं पांढरं द्राक्ष लावलं, कारण ते बिनतक्रार पिकतं. तिमोरास्सो नखरेल. फुलगळ होते, घड विरळ, एक वर्ष माल तर दुसऱ्या वर्षी ठणठणाट. लोकांनी सोडून दिलं. आप्पांनी केला तोच हिशेब.

पण तिथे मोन्लेआले गावात वॉल्टर मास्सा नावाचा हट्टी शेतकरी निघाला. बाग घरची, वायनरी घरची. त्याने उरलेसुरले वेल धरून ठेवले आणि १९८७ च्या मालाची तिमोरास्सोची वेगळी वाइन केली. त्यात इतका दम की बाटली वर्षानुवर्षं मुरत ठेवावी. शेजारचे शेतकरी मागून आले. वाइनला तोर्तोनाचं जुनं रोमन नाव दिलं, देर्तोना. आणि आता बारोलो ही नावाजलेली रेड वाइन करणारी व्हिएत्तीसारखी बडी घराणी तिथे जमिनी घेऊन बसलीत!

हो, माहितीये. तिमोरास्सो मुळात वाइनचंच द्राक्ष आणि भोकरी खायचं. खायच्या द्राक्षाला माल भरपूर, रसात जोर कमी. मान्य. पण करून बघितलं का कुणी नीट? माल कमी धरून, छाटणी बदलून? न बघताच हसायचं?

आणि आपण 'नाशिक व्हॅली वाइन'ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्याचं मिरवतो. माती नाशिकची, पाणी नाशिकचं, द्राक्षाचं माहेर फ्रान्स. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी मांजरी मेडिका ही नवी जात काढलीच ना? म्हणजे मनात आणलं तर होतं.

आप्पांवर माझा राग नाही हो. सोसायटीचं कर्ज, घरात दोन लग्नं, वरून वेलीवर भुरी आणि डाऊनीचे रोग. अशा माणसाने प्रयोग करायचे नसतात. मांडव तोडला त्या संध्याकाळी ते जेवले नव्हते, असं आजी सांगायची. ज्याच्या पुढच्या छाटणीचे पैसे उधारीवर आहेत त्याच्याकडून वारसा जपायची अपेक्षा धरणं म्हणजे माजच.

माझा राग आहे तो ज्यांच्याकडे टाक्या आहेत, वाइनमेकर आहे, शनिवार-रविवारी पार्किंगला जागा उरत नाही, त्यांच्यावर. एक एकर. फक्त एक एकर लावा. फसली तर फसली, तुमच्या म्युझिक फेस्टिव्हलच्या एका रात्रीच्या खर्चात भागेल.

असो. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे कुणाच्या बांधावर भोकरीचा जुना वेल असेल तर तोडू नका, मला इनबॉक्स करा. छाटणीच्या वेळी काड्या मी स्वतः येऊन नेईन. आणि खाली "दारूचा प्रचार करता का?" विचारणाऱ्यांनी आधी आपल्या गावच्या परमिट रूमसमोर उभं राहून तोच प्रश्न विचारून यावा, मग माझ्याशी बोलावं.