‘दुर्लक्ष करा’ म्हणजे विलोपन नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

उपयोजित वर्तन विश्लेषण (वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडतं ते तपासून वर्तन बदलण्याचं शास्त्र) यातल्या संज्ञांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण नेमकी आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश: ‘ऋण प्रबलन’ हे शिक्षेलाच दिलेलं सोज्वळ नाव आहे, जे लागू पडलं त्याला प्रबलन (वर्तन वाढवणारा परिणाम) म्हणायचं आणि नाही पडलं की ‘ते प्रबलन नव्हतंच’ म्हणायचं, ही पळवाट आहे, बक्षिसं म्हणजे लाच आणि त्यांनी मुलाची अंतःप्रेरणा (आपणहून करण्याची आवड) मरते, मुलाला काय वाटतं याला इथे जागाच नाही. आणि मुख्य तक्रार अशी की, ‘विलोपन’ वाचून तुम्ही सात वर्षांच्या मुलाच्या गृहपाठाच्या वेळच्या किंचाळण्याकडे आठ दिवस दुर्लक्ष केलंत आणि ते दुप्पट झालं.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या वादाची उत्तरं तिथेच सापडतात.

तुम्ही लिहिलेला प्रसंग असा: गणिताची वही उघडली की पाचेक मिनिटांत किंचाळणं सुरू होतं. तुम्ही काही न बोलता, त्याच्याकडे न बघता दुसऱ्या खोलीत जाता. वीसेक मिनिटांनी झोपायची वेळ होते. म्हणून वही दप्तरात जाते आणि तो थांबतो. आता यात तुमचं दुर्लक्ष क्षणभर बाजूला ठेवा आणि मुलाच्या बाजूने बघा. किंचाळण्याआधी समोर गणित होतं, किंचाळल्यावर ते गेलं. म्हणजे तुम्ही लक्ष काढून घेतलंत, पण त्याच्यासोबत गणितही काढून घेतलंत. किंचाळणं जर गणित टाळण्यासाठी असेल, तर आठही दिवस त्याला हवं ते मिळत होतं आणि रोज न चुकता मिळत होतं. याला विलोपन म्हणत नाहीत. हे प्रबलन झालं.

विलोपन म्हणजे ज्या परिणामामुळे एखादं वर्तन टिकून आहे, नेमका तोच परिणाम बंद करणं. तो परिणाम कोणता हे कळल्याशिवाय विलोपन करताच येत नाही. ढोबळमानाने चार शक्यता असतात: इतरांचं लक्ष मिळणं, नको असलेल्या गोष्टीतून सुटका होणं, हवी ती वस्तू किंवा कृती मिळणं, आणि त्या वर्तनातून थेट शरीराला मिळणारा अनुभव, ज्यात दुसऱ्या माणसाचा संबंधच नसतो. लक्षासाठी होत असेल तर लक्ष थांबवणं हे विलोपन. सुटकेसाठी होत असेल तर काम समोरून न हटणं हे विलोपन. तिथे तुम्ही बघता की नाही याने फरक पडत नाही. आणि चौथ्या प्रकारात दुर्लक्ष केलंत काय, न केलंत काय, सारखंच.

हे नुसतं वर्गीकरण नाही, ते तपासता येतं. इवाटा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1982 साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांवर केलेल्या कामात प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून बघितलं: एकात इजा केली की मोठं माणूस काळजीने बोलायचं, एकात दिलेलं काम थांबायचं, एकात मूल एकटं असायचं, आणि तुलनेसाठी एकात खेळणी, कौतुक असं सगळं असून कसलीच सक्ती नसायची. वरून सारखंच दिसणारं वर्तन वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या परिस्थितीत उसळत होतं. म्हणूनच ‘किंचाळणाऱ्या मुलाला काय करायचं’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘किंचाळल्यावर काय मिळतं’ हे विचारावं लागतं.

घरी असा प्रयोग करू नका. तिथे वर्तन मुद्दाम उद्भवू द्यावं लागतं आणि ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. घरी करता येते ती आधी-वर्तन-नंतर अशी तीन रकान्यांची नोंद. तीही नीट करायला हवी. ‘आधी’मध्ये ‘चिडला होता’ असं लिहू नका, तो अंदाज झाला. ‘हातच्याची वजाबाकी, तिसरं गणित, “पुढचं कर” म्हटलं’ असं लिहा. ‘वर्तन’मध्ये ‘तमाशा केला’ नको. ‘शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात किंचाळला, 40 सेकंद’ हवं. ‘नंतर’मध्ये पुढच्या मिनिटाभरात खरोखर काय बदललं ते: कोण आलं, कोण गेलं, वही उघडी राहिली की मिटली. आणि ज्या वेळी किंचाळला नाही त्याही वेळा नोंदवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? उदाहरणार्थ, चित्रकलेच्या वहीला नाही, वाचनाला नाही, बेरजेला नाही, हातच्याच्या वजाबाकीला चार वेळा, असं आढळलं तर प्रश्न स्वभावाचा राहत नाही, वजाबाकीचा होतो. झोप नीट झाली होती का, हाही एक रकाना ठेवा. अपुरी झोप, भूक, दुखणं यांमुळे ‘सुटका’ या गोष्टीची किंमत त्या दिवसापुरती वाढते आणि तीच वही जास्त नकोशी होते. आमच्या भाषेत याला प्रेरक स्थिती म्हणतात. ती ‘आधी’च्या रकान्यात दिसत नाही, म्हणून सर्रास सुटते.

आता ‘दुप्पट झालं’बद्दल. दुप्पट काय झालं: वेळा, एकूण मिनिटं, की आवाज? अर्ध्या तासात 12 वेळा किंचाळणं आणि एका तासात 15 वेळा किंचाळणं यांत नुसती मोजणी वाढलेली दिसते, पण मिनिटाला दर 0.4 वरून 0.25 वर आलेला असतो. बैठकीचा वेळ बदलत असेल तर दर काढल्याशिवाय बोलू नये. तुमच्या वर्णनावरून मात्र खरोखर वाढलं असावं असं मलाही वाटतं, आणि त्याचं कारण आठव्या दिवसात आहे. त्या दिवशी सहन न होऊन तुम्ही शेजारी बसून उत्तरं सांगितलीत, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे गणितातून सुटका रोजच मिळत होती, पण तुमची मदत मिळवायला सात दिवसांचा आवाज पुरला नाही, आठव्या दिवसाचा पुरला. वर्तन घडवण्याची जी पद्धत आपण चांगल्या गोष्टींसाठी वापरतो (आधीच्यापेक्षा थोडी पुढची पायरी आली की मगच प्रतिसाद द्यायचा), तीच इथे नकळत चढत्या आवाजाला लागू झाली. शिवाय या मदतीसारख्या, कधी मिळतं, कधी नाही अशा खंडित प्रबलनावर वाढलेलं वर्तन पुढे बंद करायला जास्त चिवट असतं.

खरं विलोपन सुरू केल्यावरही काही मुलांत सुरुवातीला वर्तन उसळतं. काहींत, सगळ्यांत नाही. नुसतं विलोपन न करता सोबत पर्यायी वर्तनाला प्रबलन दिलं तर उसळीची शक्यता कमी होते. म्हणून ‘वाढलं म्हणजे उपाय लागू पडतोय’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चुकीचं कारण धरून चालल्यानेही वर्तन वाढतं, आणि दोन्हींचा आलेख सुरुवातीला सारखाच दिसू शकतो.

मग करायचं काय? त्याच कारणासाठी वापरता येईल असं दुसरं, सोपं वर्तन शिकवायचं. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी 1985 साली चार मुलांवर हे दाखवलं. काम अवघड म्हणून बिथरणाऱ्यांना ‘मला समजत नाही’ असं म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असणाऱ्यांना ‘मी चांगलं करतोय ना?’ असं विचारायला. वाक्य कारणाशी जुळलं तेव्हा त्रासदायक वर्तन खाली आलं. न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा आलं नाही.

तुमच्या नोंदींतून सुटकाच निघाली तर ‘थांबूया’ किंवा ‘मदत’ असं लिहिलेलं एक कार्ड टेबलावर ठेवा. किंचाळणं सहसा तिसऱ्या गणिताला सुरू होत असेल तर दुसऱ्यानंतरच कार्डाकडे बोट दाखवा, त्याने ते दिलं की दोन-तीन सेकंदांत वही बाजूला आणि दोन मिनिटं सुट्टी. सुरुवातीला प्रत्येक वेळी, शंभर टक्के. पहिले काही दिवस गणित फारसं होणार नाही. ते गृहीत धरा आणि शक्य असल्यास शिक्षकांना सांगून ठेवा. कार्ड स्वतःहून येऊ लागलं की ‘आणखी एक गणित, मग थांबू’, नंतर दोन, मग तीन. आणि सुट्टीनंतर वही परत उघडतेच.

हे फसतं ते तीन ठिकाणी. एक, किंचाळून झाल्यावर कार्ड पुढे केलं जातं; मग मूल ‘आधी किंचाळ, मग कार्ड दे’ अशी साखळीच शिकतं. किंचाळणं सुरू झालंच तर काम पूर्ण हटवू नका. सोपं करा, हाताला धरून नव्हे तर दाखवून एक पायरी करून घ्या, शांत क्षण मिळाला की मग कार्डाची आठवण द्या. दोन, गणितांची संख्या एकदम वाढवली जाते: दोनवरून दहा. तीन, मोठ्यांचा मूड असेल तेव्हाच कार्ड मानलं जातं. किंचाळणं जर कार्डापेक्षा भरवशाचं ठरलं तर मूल किंचाळणंच निवडेल, आणि त्याच्या बाजूने ते शहाणपणाचं आहे. अर्थात, वजाबाकी येतच नसेल तर कुठलंही कार्ड ती शिकवणार नाही. ती शिकवावीच लागेल.

आता ‘ऋण प्रबलन’. दोनच प्रश्न विचारायचे. वर्तनानंतर काही आलं की काही गेलं? आणि त्यानंतर पुढे ते वर्तन वाढलं की घटलं? पहिल्याचं उत्तर धन किंवा ऋण ठरवतं, दुसऱ्याचं उत्तर प्रबलन की शिक्षा हे ठरवतं. तुमच्या घरात वही गेली आणि किंचाळणं वाढलं: ऋण प्रबलन. पण त्याच क्षणी दुसरंही एक घडत होतं. वही दप्तरात गेली की किंचाळणं थांबायचं, आणि त्यामुळे तुमचं वही आवरणं पक्कं होत होतं. तेही ऋण प्रबलनच, या वेळी तुमच्या वर्तनाचं. यात शिक्षा कुठेच नाही. उलट, रागावल्यावर वर्गातली बडबड वाढत असेल तर ते रागावणं व्याख्येनुसार प्रबलन आहे, आणि चापट मारूनही वर्तन घटत नसेल तर ती शिक्षासुद्धा नाही, फक्त वेदना आहे. धन-ऋण ही फोड गोंधळाची आहे, एवढं तुमचं म्हणणं मात्र मान्य. वर्तन विश्लेषक जॅक मायकेल यांनी 1975 साली ती सोडूनच द्यावी असं लिहिलं होतं. ती टिकली, आणि विद्यार्थी परीक्षेत अजून तिथेच अडखळतात.

व्याख्या परिणामावरून होते, मग ती पळवाट ठरत नाही का? नुसती एवढ्यावर थांबली तर ठरेल. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी 1950 मध्ये यावर दिलेलं उत्तर अजूनही पुरतं: एका वर्तनाचं प्रबलन करणारी गोष्ट दुसऱ्या वर्तनाचंही करते का, हे आधी भाकीत करून तपासता येतं. शिवाय बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी 1968 सालीच या शास्त्रासाठी अट घातली की परिणाम आपण म्हणतो त्या कारणाने झाला हे दाखवून द्या. त्याचा साधा मार्ग म्हणजे आधीची मोजणी, मग उपाय, मग उपाय काढून घेणं, मग पुन्हा लावणं. आलेख चारही टप्प्यांत उपायाबरोबर हलला तर बोला. भाकीत नाही, आलेख नाही आणि तरी ‘प्रबलन’ शब्द वापरला जात असेल, तर तुमचा आक्षेप त्या वापराला शंभर टक्के लागू आहे.

लाचेबद्दल थोडक्यात. किंचाळणं सुरू झाल्यावर ‘थांब, मग टॅबलेट देतो’ ही लाच, आणि तिने किंचाळणंच पक्कं होतं. आधी ठरलेलं काम झाल्यावर ठरलेलं काही मिळणं वेगळं. पण अंतःप्रेरणेबद्दलची तुमची भीती निराधार नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या 1973 च्या अभ्यासात, चित्रं काढायला आधीच आवडणाऱ्या लहान मुलांना बक्षिसाचं वचन देऊन चित्रं काढायला लावलं; पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांत ही घट नव्हती. तेव्हा मूल जे आपणहून करतं तिथे बक्षिसं घुसडू नका. तुमच्या मुलाला हातच्याच्या वजाबाकीची आवड आहे आणि ती बक्षिसाने मरेल, अशी परिस्थिती मात्र दिसत नाही.

आणि मुलाला काय वाटतं? या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला आहे. लोव्हास यांच्या 1987 च्या गाजलेल्या अभ्यासात 19 ऑटिस्टिक मुलांना आठवड्याला 40 तास शिकवलं गेलं, त्यांतल्या 9 जणांची प्रगती डोळ्यांत भरणारी होती म्हणून तो सगळीकडे सांगितला जातो. त्यात जोरात ‘नाही’ ओरडणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणंही होतं, हे कमी वेळा सांगितलं जातं. डोळ्यांत डोळे घालून बघायला लावणं, हात हलवणं बंद करणं अशी ध्येयं कोणाच्या सोयीची होती, हा ऑटिस्टिक प्रौढांचा प्रश्न रास्त आहे. प्रबलनाचा नियम याचं उत्तर देऊ शकत नाही. तो कुठल्याही ध्येयाला सारखाच लागू पडतो. म्हणून ध्येय, पद्धत आणि निष्पत्ती तिन्ही संबंधित माणसांना पटतात का हे विचारा, असं माँट्रोज वुल्फ यांनी 1978 मध्ये मांडलं. लहान मुलाची संमती शब्दांत येत नाही. उठून जाणं, अंग चोरणं, साहित्य ढकलणं हा नकार समजून थांबायचं असतं. ध्येय तपासायला ऑग्डेन लिंडस्ली यांची एक जुनी कसोटी कामाची आहे: जे मेलेला माणूसही करू शकतो ते वर्तन नव्हे. ‘किंचाळू नये’, ‘गप्प बसावं’ ही ध्येयं तिथेच बाद होतात. ‘अडलं की मदत मागावी’ टिकतं.

एक गोष्ट मात्र कार्ड, नोंदी, सगळ्याच्या आधी करा. हे किंचाळणं अलीकडे अचानक सुरू झालं असेल, किंवा गणित नसतानाही होत असेल, तर आधी डॉक्टरांकडून कान, दात, पोट आणि नजर तपासून घ्या. आणि डोकं आपटणं, स्वतःला चावणं असं काही सोबत असेल तर विलोपन घरच्या घरी, एकट्याने अजिबात सुरू करू नका. उसळी आली तर ती थांबवायला तिथे शिकलेलं माणूस हवं.