पाहिजे: गावात फिरण्यापुरती गाडी

मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की जळगावात दुचाकीच्या सीटवर ओला पंचा अंथरून बसण्याची पद्धत आहे आणि तो पंचा पहिल्या चौकापर्यंत खडखडीत वाळतो, हा माझा अनेक उन्हाळ्यांचा अनुभव आहे. आईच्या गुडघ्यांनी स्कूटरला कायमचा नकार दिल्यावर आणि पंचे वाळवण्याचा मला स्वतःलाही वीट आल्यावर आमच्या घरात चारचाकीचा विषय निघाला. गरज अगदी माफक होती. पिंप्राळ्याहून महाविद्यालय, तिथून फुले मार्केट, महिन्यातून एकदा आईचा दवाखाना, असा दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटरांचा हिशेब. अंदाजपत्रकही तितकेच माफक, म्हणजे अडीच लाखांचे, आणि एवढ्या पैशांत नवी गाडी केवळ दुरून पाहता येते. तेव्हा जुनी, लहान, पेट्रोलवर चालणारी आणि रस्त्यात न रुसणारी गाडी घ्यावी, असे ठरले. डिझेल गाडीची जास्तीची किंमत आठ किलोमीटरांच्या धावेत या जन्मी वसूल झाली नसती. सीएनजीची टाकी डिकी गिळते आणि दर ३ वर्षांनी तिची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यावी लागते, म्हणून तोही विचार मी सोडला.

माझी चूक एवढीच झाली की हा बेत मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवला. संध्याकाळपर्यंत मला चार फोन आले आणि चारही गाड्या ‘आपल्याच माणसाच्या’ निघाल्या. खानदेशात परक्या माणसाकडून काही विकत घेणे जवळजवळ अशक्य आहे, कारण दोन वाक्यांत समोरचा मनुष्य आपल्या मावशीच्या गावचा निघतो, आणि एकदा तो मावशीच्या गावचा निघाला की त्याच्या गाडीचे बॉनेट उघडून पाहणे हा मावशीचा अपमान ठरतो.

पुढच्या तीन आठवड्यांत मी या बाजाराची भाषा शिकलो. ‘सिंगल हँड’ म्हणजे कागदावर एकच मालक. चालवणारे हात किती, याची त्या शब्दावर जबाबदारी नसते. ‘लेडीज हँड’ म्हणजे फार जपून वापरलेली, असे विक्रेता समजतो आणि बायकोसमोर हा शब्द उच्चारला की सौदा तिथेच संपतो, असे मी सांगतो. सर्वांत मानाचा शब्द मात्र ‘डॉक्टरची गाडी’. घर ते दवाखाना एवढीच चाललेली, वेळेवर सर्व्हिसिंग झालेली, अशी तिची ख्याती असते. मी डॉक्टरांच्या एकूण सात गाड्या पाहिल्या. एवढे डॉक्टर आपापल्या गाड्या विकायला काढत असतील, तर दवाखान्यात नंबर लावून आपण दोन-दोन तास कोणाची वाट पाहत बसतो, असा प्रश्न मला पडला.

या भाषेचा मराठीत अनुवाद करून देणारा मनुष्य म्हणजे आमचे गाड्या दुरुस्त करणारे मिस्तरी. मूळचे अमळनेरकडचे, बोलणे अहिराणी आणि तेही मोजके. त्यांची पहिली अट अशी होती की गाडी थंड असतानाच पाहायची. आम्ही पोहोचलो की ते मालकाला रामराम करण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवीत, आणि ते कोमट लागले तर गाडी न पाहताच चहा मागवीत. कारण ज्याचे इंजिन सकाळी सहजासहजी चालू होत नाही, तो मालक गिऱ्हाईक येण्यापूर्वीच ते चालू करून ठेवतो. त्यानंतर ऑइलचे झाकण काढून त्याच्या पोटाला साय धरल्यासारखा पांढरट थर आहे का, ते पाहायचे, कारण तो असल्यास इंजिनात पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. मग सायलेन्सर. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल पीत आहे. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात तिच्या जन्मसालाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी मात्र चार वर्षांनी धाकटी असेल, तर त्या बाजूने कोणीतरी जोरात भेटून गेलेले असते. टायरवरही चार आकडे असतात: २३१९ असे लिहिलेले असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. मला स्वतःला हे वाचन इतके आवडले की काही दिवस मी रस्त्यात उभ्या असलेल्या कोणाच्याही गाडीच्या टायरापाशी वाकत असे, आणि त्यातून एकदा गैरसमज होऊन मला माझे ओळखपत्र दाखवावे लागले.

एका चकचकीत गाडीचे मीटर ३८ हजार किलोमीटर दाखवत होते. मालक सांगत होते, गाडी फक्त रविवारी देवदर्शनाला निघायची. मिस्तरी आत वाकले आणि त्यांनी मला क्लचचे पॅडल दाखवले. त्याचे रबर देवळाच्या पायरीसारखे मधोमध झिजून गुळगुळीत झाले होते. “सर,” ते हळूच म्हणाले, “देव भलता दूर व्हता वाटस.”

आता माझ्या पत्नीविषयी सांगणे भाग आहे. तिला गाड्यांतले काही कळत नाही, असे ती स्वतःच म्हणते. पण भरताची वांगी निवडताना तिला ज्यांनी पाहिले आहे, ते तिच्याशी कोणत्याही खरेदीबाबत वाद घालत नाहीत. मोठे, हिरवट, तुकतुकीत वांगे ती तळहातावर तोलते. आकाराच्या मानाने हलके लागले तरच ते घ्यायचे, जड लागले तर आत नुसत्या बिया, हा तिचा नियम. दहातली नऊ वांगी ती परत ठेवते आणि विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे बघतसुद्धा नाही. मी आजवर त्या वेळी शेजारच्या गाडीवरच्या मिरच्या न्याहाळत उभा राहत आलो आहे.

सुरतेला उधन्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने त्याच्या मित्राची गाडी पाठवली, तेव्हा हा गुण कामाला आला. गाडी जीजे ०५ पासिंगची होती. गुजरातची गाडी महाराष्ट्रात आणायची तर तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. पण हे सारे धरूनही ती इथल्या भावापेक्षा साठ हजारांनी स्वस्त पडत होती. रंग कोराच, सीटकव्हर नवे, आरशाला लिंबू-मिरची. मिस्तरींचाही तळहात बॉनेटवर समाधानाने विसावला होता. पत्नी मागच्या सीटवर बसली, लगेच उतरली आणि म्हणाली, “अहो, गाडीत एवढं अत्तर कोण मारतं?”

मग तिने पदर खोचला. पायाखालची मॅट उचलली आणि सीट ज्या लोखंडी पट्टीवर मागेपुढे सरकते, तिच्या खाचेतून करंगळी फिरवली. करंगळीवर राखाडी रंगाची, पिठासारखी बारीक माती आली. ती तिने अंगठ्याने चोळून पाहिली आणि मला दाखवली. एव्हाना मिस्तरींनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला होता. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या त्या टोकाशी, नदीकाठच्या भिंतीवर पूर ओसरल्यावर राहते तशी, एक आडवी मळकी रेघ होती.

“सर, हाई गाडी पानी पेयेल शे,” मिस्तरींनी निकाल दिला.

तापी आमच्याच जिल्ह्यातून, हतनूरच्या धरणावरून वाहत पुढे उकाईला जाते आणि तिथून सुरतेला. ऑगस्ट २००६ मध्ये तिने सुरत शहर बुडवले, तेव्हाच्या गाड्या आता भंगारात गेल्या असतील. पण पावसाळ्यात तिथल्या खाड्या अजूनही भरतात आणि तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या अजूनही भिजतात. वरच्या अंगाला राहणारे आम्ही. आमच्याच नदीचे पाणी प्यालेली गाडी आम्हालाच विकायला यावी, याची मला गंमत वाटली. मावसभावाला वाटली नाही. त्याने दिवाळीपर्यंत फोन केला नाही, आणि दिवाळीत केला तोही आईला.

अखेर मिस्तरींनीच भुसावळचा पत्ता दिला. गाडी होती २०१३ सालची वॅगन-आर. ९९८ सीसीचे इंजिन, टायमिंग बेल्टऐवजी चेन, त्यामुळे ठरावीक किलोमीटरांना बेल्ट बदलण्याची कटकट नाही. उंच छत, त्यामुळे आईला न वाकता बसता येणार. आणि क्लचप्लेट पाचोऱ्याच्या दुकानातही मिळणार, हे मिस्तरींच्या लेखी सर्वांत महत्त्वाचे. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक. सारी गल्ली त्यांना नाना म्हणत होती.

नानांनी गाडी दाखवली नाही. त्यांनी आधी आम्हाला ओट्यावर बसवून आमची चौकशी केली. गाडी कोठे उभी करणार? झाडाखाली? झाड कोणते? मी कडुनिंब म्हणालो, तेव्हा त्यांच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. नंतर त्यांनी एक रजिस्टर आणले. पहिल्या दिवसापासूनचे प्रत्येक लिटर पेट्रोल, प्रत्येक पंक्चर, हवा भरल्याच्या तारखा, ६२ हजार किलोमीटरांचा संपूर्ण इतिहास त्यात लाल-निळ्या शाईत होता. मिस्तरींनी दोन पाने उलटली, रजिस्टर मिटले आणि बॉनेटकडे न जाताच चहा प्यायला बसले. नाही म्हणायला पत्नीने मॅट उचलून पाहिली. खाली वर्तमानपत्र अंथरलेले होते आणि तेही त्याच आठवड्याचे.

फेरी मारायला मी चालवायला बसलो, नाना शेजारी आणि बाकी मंडळी मागे. पहिल्या चौकात सिग्नल सुटला, तसे नाना खणखणीत आवाजात म्हणाले, “हिरवा!” मी गाडी काढली.

“थांबा. उत्तर आलं नाही.”

रेल्वेच्या इंजिनात दोघे असतात, एकाने सिग्नल पुकारायचा, दुसऱ्याने तो स्वतः पाहून पुन्हा पुकारायचा आणि मगच पुढे जायचे, हे त्यांनी मला मागचे हॉर्न वाजत असताना शांतपणे समजावून सांगितले. भुसावळ ते इगतपुरी त्यांची उभी नोकरी याच रीतीने झाली होती. पुढच्या चौकात त्यांनी “हिरवा” म्हटल्यावर मीही “हिरवा” म्हणालो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे गाडी मला त्या क्षणी मिळाली.

किमतीत घासाघीस झाली नाही, कारण नानांच्या चेहऱ्याकडे पाहून ती करण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. दोन लाख पस्तीस हजार ठरले आणि इसार म्हणून पाच हजार एक रुपये दिले. ‘टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या अर्जावर) सह्या करून देतो, नाव सावकाश चढवा’ हा बाजारातला नेहमीचा रिवाज नानांना ऐकूनही घ्यायचा नव्हता. गाडी विकल्याचे कायद्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, म्हणून मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्यांनी स्वतः भरले, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि बोजा उतरल्याची नोंद दाखवली, थकीत चलन एकही नसल्याचे मोबाइलवर दाखवले आणि अर्ज दाखल झाल्यावरच चावी माझ्या हातात ठेवली. रजिस्टरही दिले. त्यातली पुढची पाने त्यांनी रकाने आखून ठेवली होती.

गाडी येऊन आता सहा महिने झाले. परवा आईला दवाखान्यातून आणताना सिग्नल सुटला. पत्नी म्हणाली, “हिरवा.” मी म्हणालो, “हिरवा.” मागून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मी पहिला गिअर टाकला आणि मागच्या सीटवरून, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली आई म्हणाली, “थांब रे, मला अजून दिसला नाही.”