उंदीर नुसता "आजारी पडत" नाही हो!

मावसबहिणीच्या सहा महिन्यांच्या बाळाला सारखं इन्फेक्शन होतंय, म्हणून डॉक्टरांनी इम्युनिटीच्या जीन्सची टेस्ट सांगितलीय. आणि तिला कुणीतरी तो फिरणारा फॉरवर्ड पाठवलाय: "या टेस्ट उंदरांवरून काढल्यात. जीन काढला की उंदीर आजारी पडणारच, त्यालाच शोध म्हणतात! माणसाशी संबंध नाही. साधं रक्त तपासलं की पुरे. उंदराचे जीन आपल्यात घुसवतात." आता ती विचारते, टेस्ट राहू दे का? डोकंच फिरलं माझं.

शेवटचं आधी. टेस्टला रक्त बाहेर काढतात, आत काही घालत नाहीत. पुढे.

"आजारी पडणारच, त्यात शोध कसला?" अरे, काय गायब झालं ते बघतात! १९९२ मध्ये 'सेल' जर्नलच्या एकाच अंकात दोन लॅब्सचे पेपर आले, एकीने रॅग-१ हा जीन बंद केला होता, दुसरीने रॅग-२. उंदीर जगले, वाढले, स्वच्छ पिंजऱ्यात तर ठणठणीत (म्हणजे "आजारी पडणारच" हेसुद्धा खोटं), पण तयार टी सेल्स आणि बी सेल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एकही नाही. कारण या सेल्सना रिसेप्टर (जंतू ओळखणारा, सेलवरचा भाग) बनवायला स्वतःचाच डीएनए कापून जोडावा लागतो, कापायचं काम रॅगचं, ते झालं नाही की सेल अर्ध्यावरच अडकते. आणि १९९६ मध्ये जन्मतः टी-बी सेल्स नसलेल्या बाळांमध्ये याच जीन्सचे बिघाड सापडले. संबंध नाही म्हणे!

रक्ताचं म्हणाल तर तिथे फक्त तयार झालेला माल दिसतो. टी सेल्स घडतात थायमस नावाच्या ग्रंथीत, छातीच्या हाडामागे. तान्ह्या बाळाचा थायमस कापून बघणार का? म्हणून कुठे अडकलं ते जीनवरून शोधायचं.

हां, उंदीर म्हणजे माणूस नाही, एवढं मान्य करावं लागेल. आयएल-७ (या सेल्सना वाढायला लावणारं प्रोटीन) पकडणारा रिसेप्टर काढला तर उंदरात टी आणि बी दोन्ही जवळपास संपतात, तोच बिघाड असलेल्या बाळात मात्र बी सेल्स असतात. म्हणून तर टेस्टमधला बिघाड माणसातल्या केसेसशीही ताडून बघतात.

तिला लिहिलंय, टेस्ट उद्याच कर, आणि रिपोर्ट येईपर्यंत जिवंत जंतूंची कुठलीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. रॅगसारखं काही निघालंच तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट लवकर, मोठं इन्फेक्शन व्हायच्या आत झालेला बरा.