वही-पेन हे आमचे लाड नव्हते

टिळकवाडीच्या वाचकांना नमस्कार.

हाताने लिहिलं की लक्ष लागतं, विचार पक्का होतो, या माझ्या लेखावर आपण तीन गोष्टी सुनावल्यात. पहिली, हाताने टिपणं काढणाऱ्यांना विषय लॅपटॉपवाल्यांपेक्षा जास्त कळतो असं सांगणारा, मी दाखला दिलेला 2014 चा अमेरिकेतला अभ्यास 2019 मध्ये पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा ठळक फरक दिसला नाही. बरोबर आहे. ते मी सांगायला हवं होतं, लेखात दुरुस्ती करतो. पण लॅपटॉपवाली मुलं शिकवणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे जास्त उतरवतात, हे 2021 च्या फेरतपासणीतही दिसलं. दुसरी, टायपिंग भरभर होतं. होतं की, नाही कोण म्हणतंय?

तिसरं वाक्य मात्र लागलं. ‘वही-पेनाचे असले लाड खात्यापित्या घरांना परवडतात.’ हे तुम्ही कुणाला सांगताय? लिहिण्याआधी एका शब्दाने विचारायचं तरी होतं.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांमागे मिळायची. नवी वही मागायला मला तोंड नसायचं. वर्ष संपलं की जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून आई ती दाभणाने शिवून द्यायची. त्यावर आधी पेन्सिलने लिहायचं आणि पान भरलं की त्याच ओळींवरून शाईने. खाडाखोड केली तर दुसरं पान कुठलं? म्हणून निबंधातलं वाक्य आधी डोक्यात पुरं व्हायचं, मगच पेन कागदाला टेकायचा. माझं लक्ष लागलं ते असं. आज मोबाइलवर दोन अक्षरं टाकली की तो शब्द पुढे करतो आणि मी तोच घेऊन मोकळा होतो. कागदावर शब्द मलाच शोधावा लागतो.

कन्नडचंही तेच. त्यातले ‘प’ आणि ‘व’ मला कितीतरी दिवस सारखेच दिसायचे. पाटीवर गिरवून गिरवून फरक आधी बोटांना कळला, डोळ्यांना नंतर. आज चिकोडीच्या बसची पाटी लांबूनच वाचतो ती त्या बोटांमुळे.

अभ्यासांवर हवं तेवढं भांडा, मी उत्तर देईन. पण ‘लाड’ हा शब्द मागे घ्या. आईने शिवलेल्या दोन वह्या अजून माळ्यावर आहेत, शाईखालची पेन्सिल अजून दिसते. कधीही घरी या, काढून दाखवतो.