सिंपल आहे

एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, ज्याने दिलाय त्याला वेगळं सांगायला नको आणि ज्याने दिला नाही त्याला सांगून कळणार नाही, तरी सांगतो. पुण्यात मेकॅनिकलच्या सेकंड इयरला गेलो तेव्हा सिनियर्सनी पहिल्याच आठवड्यात दम भरलेला, की बाकी सगळं एका रात्रीत निघतं रे, एम-थ्री तेवढा राहतो. आम्हाला वाटलं रॅगिंगचाच प्रकार असेल.

मग सर आले. वर्गात शिरले ते थेट फळ्याकडे, आणि पुढचा तासभर आम्हाला दिसली ती त्यांची पाठ. म्हणजे दोन वर्षांनी सर समोरून आले असते तर मी ओळखलं नसतं, पण पाठमोरे असते तर लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या गर्दीतही ओळखले असते. उजव्या हातात खडू, डाव्या हातात डस्टर. उजवा लिहीत पुढे जाणार, डावा पुसत मागून येणार, मध्ये जेमतेम दीड फूट अंतर, आणि आपलं आयुष्य काय असेल नसेल ते त्या दीड फुटात उतरवून घ्यायचं. पहिल्या बाकावरच्या मुली तेवढ्या वेगाने लिहायच्या, बाकीचे आम्ही संध्याकाळी त्यांच्या वहीची झेरॉक्स काढायचो.

त्यात सरांचं अक्षर. लाप्लास ट्रान्सफॉर्म सुरू झाला, त्याचं थोडक्यात असं की टी मधलं फंक्शन आत घालायचं, ई रेज टू मायनस एस-टीने गुणायचं, शून्य ते इन्फिनिटी इंटिग्रेट करायचं, आणि बाहेर एस मधलं फंक्शन निघतं. आता सरांचा एस आणि सरांचा पाच हे जुळे भाऊ. माझा बार्शीचा रूममेट तीन आठवडे त्याला पाचच समजत होता. ई रेज टू टू-टीचा ट्रान्सफॉर्म एक छेद एस वजा दोन येतो, याने एक छेद पाच वजा दोन लिहिलं आणि प्रामाणिकपणे पुढे सोडवून एक तृतीयांश उत्तर काढलं. वर मला म्हणतो, "उगाच घाबरवतात रे, सोपाय हा चॅप्टर, शेवटी सगळं अपूर्णांकातच येतं."

पण खरा त्रास वेगळाच होता, तो म्हणजे 'सिंपल आहे'. सर एक ओळ लिहायचे, म्हणायचे "सिंपल आहे", आणि पुढची ओळ लिहायचे, जिचा आधीच्या ओळीशी काही नातेसंबंध असल्याचं निदान आमच्या तरी लक्षात यायचं नाही. मध्ये काय झालं ते सरांच्या डोक्यात. एकदा हिंमत करून केबिनमध्ये डाउट विचारायला गेलो. सर माणूस म्हणून देव हो, स्वतःचा डबा बाजूला सारून समजवायला बसले, पण समजवलं ते तसंच, फक्त केबिनमध्ये फळा नसल्यामुळे पुसणं तेवढं नव्हतं. "कळलं?" म्हणाले. डब्यातली भाजी गार होत होती, मी हो म्हणालो.

मग शेवटच्या बाकावर आम्ही मोजायला लागलो. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक 'सिंपल'ला एक काडी, चार काड्यांवर पाचवी आडवी. आधी नुसती करमणूक, मग पैज. लेक्चर सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आकडा सांगायचा, जो जवळ असेल त्याला बाकीच्यांनी अमृततुल्यात चहा आणि क्रीमरोल द्यायचा. आता पैज लावायची तर हजर राहायला पाहिजे, आणि मोजायचं तर कान देऊन ऐकायला पाहिजे, त्यामुळे डिफॉल्टर लिस्टमधली, म्हणजे हजेरी कमी असलेली, कायमस्वरूपी पोरं पूर्ण तास बसायला लागली, तीही फळ्याकडे टक लावून. सर एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, म्हणाले म्हणे, यंदाची बॅच सिन्सिअर आहे.

एके दिवशी काडी क्रमांक एकोणचाळीस पडली आणि सर वळले. सर वळले हीच मुळात बातमी. चालत थेट आमच्या बाकापाशी आले, वही उचलली, काड्या बघितल्या. मला डोळ्यांसमोर वायडी, म्हणजे इयर डाउन, वर्ष वाया गेलेलं दिसलं. सरांनी बोटाने काड्या मोजल्या, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "एकोणचाळीस नाही, बेचाळीस. तीन वेळा मी 'ट्रिव्हियल' म्हणालो ते धरलं नाही." वही ठेवली आणि परत जाऊन लिहायला लागले. माझा आकडा बेचाळीस होता. रूममेट म्हणे ट्रिव्हियल म्हणजे सिंपल नव्हे, चहावरून आमचं चार दिवस वाजलं.

पुढे कधीतरी नेटवर वाचलं तेव्हा कळलं, की हे दुखणं जुनंय आणि मूळ थेट लाप्लासपर्यंत जातं, म्हणजे ज्याच्या नावाचा तो ट्रान्सफॉर्म, त्या फ्रेंच गणित्यापर्यंत. बाउडिच नावाच्या अमेरिकन गणित्याने लाप्लासच्या खगोलयांत्रिकीवरच्या ग्रंथाचे चार खंड इंग्रजीत आणले, १८२९ पासून ते छापून यायला लागले. हा बाउडिच म्हणायचा, की 'यावरून उघडच दिसतं' असं लाप्लासने लिहिलेलं आलं की मला कळतं, आता मधली वाट शोधायला कित्येक तासांची मेहनत आहे. बाउडिचची ही गत, तर आम्ही बार्शी-पुणे लेव्हलचे. याच लाप्लासला नेपोलियनने १७९९ मध्ये गृहमंत्री केलेलं आणि सहाच आठवड्यांत काढून टाकलं, हा नको तिथे अतिसूक्ष्मात शिरतो म्हणून. मंत्रालयात अतिसूक्ष्म आणि पुस्तकात उघडच दिसतं! हे उलट असतं तर आमची एक एटीकेटी, म्हणजे नापास विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणं, वाचली असती.

असो. तर ही बाउडिचची गोष्ट वाचून मला आयडिया सुचली. क्लास टेस्ट होती, एक गणित अर्ध्यात अडकलं, उत्तर मात्र पाठ होतं, कारण गाइडमधलंच गणित. मी पहिल्या चार ओळी लिहिल्या, खाली ठसठशीत 'इट इज इझी टू सी दॅट' लिहिलं, आणि त्याखाली उत्तर, वर चौकट. सरांचीच भाषा, सर नाही कसे म्हणतील?

पेपर परत मिळाला. चारपैकी शून्य, आणि त्या 'इझी'ला लाल पेनने गोल करून बाजूला, सरांच्या आयुष्यातल्या बहुधा सगळ्यात सुवाच्य अक्षरात, लिहिलेलं होतं, "कोणाला?"