विषाणू म्हणजे फुटलेल्या पेशींचा कचरा नव्हे

डेंग्यूच्या बातम्यांपाठोपाठ एक मराठी संदेश सध्या गोव्यात मोबाइलवर फिरत आहे. विषाणू कुणी पाहिलेलाच नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले ठिपके हा फुटलेल्या पेशींचा कचरा आहे, नमुना मेलेला असल्याने वाढ दिसणे अशक्य आहे आणि छायाचित्रांतले रंग मागाहून भरलेले असतात, असे त्यात म्हटले आहे. मी फोंड्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि माझ्याच विद्यार्थ्यांनी तो मला पाठवला, म्हणून हे उत्तर.

रंगांविषयीचे म्हणणे खरे आहे. मूळ चित्र करडेच असते. ‘कुणी पाहिलेला नाही’ हे मात्र चूक आहे. जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंची, म्हणजे फाजांची, चित्रे हेल्मुट रुस्का यांनी जर्मनीत १९४० मध्येच प्रसिद्ध केली होती.

नमुना मेलेला असतो, हेही मान्य. पण एकाच दिवशी लावणी केलेल्या शेतातून दर आठवड्याला एक रोप उपटून वाळवून ठेवले, तर पोटरी कधी आली आणि कणीस कधी भरले हे त्या वाळलेल्या रोपांवरूनच कळते. जिनिव्हात संशोधक केलेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये हेच केले. संसर्गानंतर ठरावीक मिनिटांनी जिवाणू थिजवून त्यांचे अतिपातळ काप पाहिले, तेव्हा आधी नुसते विषाणूच्या डीएनएचे तळे दिसले आणि पुढच्या कापांत त्याच तळ्यात फाजांच्या डोक्यांचे गडद दाणे धरलेले दिसले.

राहिला कचऱ्याचा मुद्दा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ते कण पेशी फुटल्याने होत असते, तर पेशी केव्हाही फोडली तरी मिळायला हवे होते. संशोधक डोअरमन यांनी १९५२ मध्ये टी४ नावाच्या फाजाची लागण झालेले ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू मुदतीआधीच फोडून पाहिले, तर पहिली दहाएक मिनिटे संसर्गक्षम फाज जवळजवळ सापडलेच नाहीत, आत शिरलेलेसुद्धा नाहीत. त्यानंतर फोडलेल्या पेशींत मात्र त्यांची संख्या मिनिटागणिक चढत गेली. शिवाय टी४च्या डीएनएमध्ये सायटोसिन या नेहमीच्या घटकाऐवजी हायड्रॉक्सिमिथिलसायटोसिन हा वेगळा घटक असतो, जो ई. कोलायच्या स्वतःच्या डीएनएमध्ये नसतो. ज्या घरात जी वस्तू नाही, ती त्या घराच्या केरात कुठून येणार?

ज्यांना याची खात्री करायची आहे, त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही लागत नाही. आमचे विद्यार्थी ओहोळाचे बाटलीभर पाणी आणतात, जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून ते गाळतात आणि त्याचा थेंब ई. कोलाय घातलेल्या पातळ अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या थिजणाऱ्या पदार्थात, मिसळून प्लेटवर ओततात. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधट थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ छिद्रे पडलेली असतात. त्यांतल्या एकाच छिद्राला सुई टेकवून ती द्रवात बुडवली आणि त्यातला थेंब नव्या प्लेटवर घेतला, की तिथेही तशीच छिद्रे उठतात. असे पाच वेळा केल्यावर ओहोळाच्या पाण्याचा मूळ अंश जवळपास उरतच नाही, आणि तरीही पाचव्या प्लेटवर छिद्रे पहिल्या प्लेटइतकीच स्वच्छ असतात.